ग्रीसला जाताय? एक बेट कमी करा, अथेन्सला एक दिवस जास्त द्या

वाचकांचे प्रश्न : प्रवास

ग्रीसच्या सहलीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा मोसमागणिक बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा पडताळून घ्या.

आम्ही चौघं जूनमध्ये आठ रात्रींसाठी निघालोय. एजंटने अथेन्स, मिकोनोस, सॅन्टोरिनी आणि क्रीट अशी चार ठिकाणं बसवून दिली आहेत. जमेल का? (ठाणे)

जमेल, पण निम्मी सहल बॅगा भरण्यात आणि धक्क्यावर ताटकळण्यात जाईल. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून दिसतात. प्रत्यक्षात मुक्काम बदलायचा म्हणजे सकाळी अकराच्या आत खोली सोडायची, बोट दुपारची, ती अर्धा तास उशिरा, आणि नव्या खोलीची किल्ली हातात पडेपर्यंत संध्याकाळ. एक बदल म्हणजे एक दिवस खर्ची, असाच हिशोब धरा.

क्रीट सरळ काढून टाका. ते बेट लांबीलाच सुमारे २६० किलोमीटर आहे. क्नोसोसचा राजवाडा, हेराक्लिओनचं पुराणवस्तू संग्रहालय, हानियाचं व्हेनिशियन बंदर आणि १६ किलोमीटरची समारिया घळ एवढं धरलं तरी स्वतंत्र आठवडा लागतो. मिकोनोसला जायचं खरं कारण म्हणजे शेजारचं डेलोस. अपोलोचं जन्मस्थान मानलेलं, आज वस्ती नसलेलं ते अख्खं बेट म्हणजे एक उत्खनन आहे. बोटीने अर्धा तास लागतो आणि रात्री राहायला परवानगी नाही. डेलोस बघायचं नसेल, तर मिकोनोसच्या खोलीभाड्यात जवळच्या नाक्सोस बेटावर कितीतरी चांगली सोय होते.

आमची मांडणी अशी: पहिली रात्र अथेन्स, मग तीन रात्री नाक्सोस, दोन सॅन्टोरिनी आणि शेवटच्या दोन पुन्हा अथेन्स. या क्रमाला कारण आहे. बेटावरून थेट परतीचं विमान गाठायचा बेत वाऱ्यामुळे फसतो. पुढचं उत्तर वाचा.

पिरेअसहून बोट कशी पकडायची? बोट रद्द झाली तर पैसे जातात का? (नाशिक)

विमानतळावरून मेट्रोची तीन नंबरची निळी लाइन २०२२ पासून थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते, गाडी बदलावी लागत नाही. विमानतळाचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, शहरातलं साधं तिकीट तिथे चालत नाही. रात्री-अपरात्री उतरलात तर एक्स-९६ नंबरची बस चोवीस तास आहे. मेट्रोत पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात ठेवा. मोठी बॅग घेऊन डब्यात चढताना दाराशी मुद्दाम गर्दी होते, हात तेव्हाच मारला जातो.

बंदर अवाढव्य आहे. ई-१ ते ई-१२ अशी दारं आहेत आणि पहिल्या दारापासून मेट्रो स्टेशनपर्यंत सामान ओढत चालणं म्हणजे शिक्षाच. नाक्सोस, पारोस, सॅन्टोरिनीच्या बोटी सहसा ई-६, ई-७ जवळून सुटतात आणि ही दारं स्टेशनसमोरच आहेत. क्रीटच्या बोटी ई-२, ई-३ कडून, तर ऱ्होड्सच्या ई-१ कडून सुटतात. तिथवर बंदराच्या आतून मोफत बस आहे. दार ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून आदल्या संध्याकाळी बोट कंपनीचा संदेश बघा. सुटण्याच्या पाऊण तास आधी पोहोचा.

बोटीत मागच्या उतरत्या फळीवरून (रॅम्पवरून) चढायचं. गाड्याही तिथूनच चढतात, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. आत शिरताच दोन्ही बाजूंना सामानाचे कप्पे असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्याच कप्प्यात बॅग ठेवा. पासपोर्ट, पैसे आणि औषधं वर बरोबर न्या, कारण मधल्या प्रवासात तो गॅरेजचा मजला बंद असतो. उतरताना उलट घाई असते. बोट लहान बेटाला जेमतेम पाच-दहा मिनिटं लागते. घोषणा झाली की लगेच खाली उतरून बॅग हातात घेऊन उभं राहायचं. धक्का दिसल्यावर जिना उतरू म्हणणारे पुढच्या बेटावर पोहोचतात.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आकाश स्वच्छ निळं असतं, ढगाचा ठिपकाही नसतो, आणि तरी बोटी बंद असतात. आपल्याला वादळ म्हटलं की पाऊस अपेक्षित असतो, त्यामुळे लोक गोंधळतात. वारा वाढला की आधी वेगवान कॅटामरान थांबतात, मोठ्या साध्या बोटी बऱ्याच उशिरापर्यंत चालू राहतात. निर्णय बंदर अधिकाऱ्यांचा असतो आणि पुष्कळदा त्याच दिवशी सकाळी कळतो. बंदी आली तर पुढच्या बोटीचं तिकीट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मिळतं, तिकिटाचे पैसे बुडत नाहीत. बुडतं ते चुकलेलं विमान.

म्हणून साधी मोठी बोट घ्या. पिरेअस ते नाक्सोस पाच तासांहून थोडे जास्त, सॅन्टोरिनीपर्यंत साडेसात-आठ. कॅटामरान सॅन्टोरिनीला पाच तासांत नेते, पण भाडं जास्त, बाहेर डेकवर फारसं बसता येत नाही आणि लाटांत ती जास्त आपटते. बोट लागणाऱ्यांनी मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसावं आणि गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

आईचं वय ७२, गुडघ्याचा त्रास आहे. ॲक्रोपोलिस तिला झेपेल का? (कोल्हापूर)

चढ फार नाही, अडचण दगडाची आहे. अडीच हजार वर्षांत लाखो पावलांनी घासून संगमरवर गुळगुळीत झालाय. कोरडा असतानाही पाय सरकतो, पावसात तर उभं राहणं कठीण. रबरी तळाचे, खाच असलेले बूट हवेत, चपला नकोत. माथ्यावरचे मुख्य रस्ते आता काँक्रीटचे केले आहेत, त्यामुळे वर पोहोचल्यावर आईंना चालता येईल. चालणं अवघड असलेल्यांसाठी टेकडीच्या उत्तर बाजूला लिफ्ट आहे. ती सर्वांसाठी नाही, मुख्य दारावर सांगावं लागतं आणि जोराच्या वाऱ्यात ती बंद ठेवतात. आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

तिकीट वेळेचं असतं. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी ते पंधरा मिनिटं नंतर एवढ्यातच आत सोडतात. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालं आणि सात ठिकाणांचं जुनं एकत्र तिकीट बंद झालं. जुने प्रवासलेख वाचून ते मागू नका. सकाळी आठची पहिली वेळ घ्या, नाहीतर संध्याकाळची शेवटची. उन्हाळ्यात पारा फार चढला की दुपारी काही तास टेकडी बंद करतात, त्यामुळे बाराचं तिकीट म्हणजे जुगार. दारं दोन आहेत. पश्चिमेच्या मुख्य दारावर बसगाड्यांतल्या झुंडी येतात. आग्नेयेचं दार मेट्रोच्या आक्रोपोली स्टेशनाजवळ आहे, तिथे रांग लहान असते आणि वाटेत डायोनिससचं नाट्यगृह लागतं. मात्र तिकडून चढ थोडा लांब पडतो, तेव्हा आईंसाठी मुख्य दारच बरं.

वर गेल्यावर लोक पार्थेनॉनसमोर फोटो काढतात आणि परततात. दोन गोष्टींसाठी थांबा. कोपऱ्यात उभं राहून खालच्या पायरीच्या कडेवरून नजर लांबवर न्या. रेषा सरळ नाही, मधे उचललेली आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटरने. खांबही किंचित आत कललेले आहेत. इक्तिनोस आणि कल्लिक्रातेस यांनी इसवी सनपूर्व ४४७ नंतर बांधलेल्या या देवळात खऱ्या अर्थाने सरळ अशी रेषा शोधावी लागते. दुसरी गोष्ट, पांढरेशुभ्र आणि पिवळसर दगड एकमेकांत बसवलेले दिसतील. शुभ्र तो नवा दगड, त्याच पेंतेली डोंगराचा. प्राचीन कारागीर दगड जोडताना लोखंडी कड्या शिशात बुडवून बसवत, म्हणून त्या गंजल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत उघडं लोखंड वापरलं. ते गंजून फुगलं आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ पासून चाललेल्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम घालताहेत. यारी आणि परांच्या दिसल्या म्हणून हळहळू नका, तेही बघण्यासारखं आहे. देवळाची खरी नासाडी १६८७ ची. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडला.

संग्रहालयांत वेळ घालवावा का? एकच बघायचं तर कोणतं? (पुणे)

अथेन्सला जाऊन संग्रहालय टाळणं म्हणजे पंगतीत बसून फक्त कोशिंबीर खाणं. एकच निवडायचं तर राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालय. ॲक्रोपोलिसच्या पायथ्याचं संग्रहालय (२००९) इमारत म्हणून देखणं आहे. त्याचा सर्वांत वरचा काचेचा मजला पार्थेनॉनच्या दिशेलाच फिरवून बांधलाय आणि देवळाच्या शिल्पपट्टीचे जे तुकडे लंडनला आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्रतिकृती लावल्यात. काय गेलं ते न सांगता कळतं. टेकडीवरच्याच एरेख्थिऑन देवळाच्या सहा स्त्री-स्तंभांपैकी पाच मूळ मूर्ती इथे आहेत, सहावी ब्रिटिश म्युझियममध्ये, आणि टेकडीवर दिसतात त्या सगळ्या प्रतिकृती. शुक्रवारी हे संग्रहालय रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हाच जा म्हणजे दिवस मोकळा राहतो.

पण राष्ट्रीय संग्रहालयातला ऐवज दुसरीकडे नाही. जर्मन उत्खनक श्लीमानला १८७६ मध्ये मायसीनीत सापडलेला सोन्याचा मुखवटा आहे, समुद्रातून वर काढलेला हात पसरलेला काशाचा देव आहे (झ्यूस की पोसायडन, यावर अजून वाद आहे). आणि ॲन्टिकिथेराचं यंत्र. १९०१ मध्ये बुडालेल्या जहाजातून काढलेले हिरवट गंजाचे हे तुकडे आहेत, पण त्यांत तीसेक दातेरी चाकं आहेत आणि त्यांवर सूर्य-चंद्राची गती व ग्रहणं मोजली जात. घाईने पुढे जाऊ नका. सर्वांत मोठ्या तुकड्यावर चार आऱ्यांचं चाक उघड्या डोळ्यांना दिसतं. शेजारची चालती प्रतिकृती आधी बघून मग मूळ तुकड्याकडे वळलात तर जास्त कळेल.

वरच्या मजल्यावर सॅन्टोरिनीच्या अक्रोतिरीतली भित्तिचित्रं आहेत: तीन भिंतींवर पसरलेला वसंत, लाल खडकांवर लिली आणि हवेत झेपावणाऱ्या पाकोळ्या. सॅन्टोरिनीला जाणाऱ्यांनी ही चुकवू नयेत. मंगळवारी हे संग्रहालय दुपारी उघडतं. सकाळी धडकलेले पर्यटक पायऱ्यांवर बसलेले दिसतात.

सॅन्टोरिनीत ओइयाचा सूर्यास्त खरंच एवढा बघण्यासारखा आहे का? आणि बेटावर आणखी काय? (नागपूर)

सूर्यास्त सुंदर असतो, पण ओइयाच्या पडक्या किल्ल्याजवळ तो लोकांच्या मोबाइलच्या पडद्यांतूनच दिसतो. दीड-दोन तास आधी जागा धरावी लागते आणि नंतर परतीच्या बसला हीच गर्दी. त्याऐवजी इमेरोविग्ली गावात, स्कारोस सुळक्यासमोर बसा. सूर्य तोच, समुद्र तोच. ओइया सकाळी सातला गाठा, गल्ल्या मोकळ्या मिळतात. मात्र निळे घुमट दिसले म्हणून कुणाच्या गच्चीवर चढू नका, ती राहती घरं आणि हॉटेलं आहेत.

बेटावरची सर्वांत मोलाची जागा अक्रोतिरी. इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास ज्वालामुखी फुटला आणि हे गाव राखेखाली गेलं. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये खोदकाम सुरू केलं. दुमजली-तिमजली घरं, रस्त्याखालची गटारं, धान्याचे रांजण, सगळं जागच्या जागी. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. आधीच्या भूकंपांनी लोक सावध होऊन निघून गेले असावेत, असा अंदाज आहे. एका जिन्याच्या दगडी पायऱ्या बरोबर मधोमध दुभंगल्या आहेत, ती त्या भूकंपाचीच खूण. सगळं छपराखाली आहे, म्हणून हे ठिकाण भर दुपारसाठी राखून ठेवा. फिरा या बेटावरच्या मुख्य गावातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात निळी माकडं असलेलं चित्र आहे, ते त्याच दिवशी उरकता येतं.

फिरा ते ओइया ही कड्यावरून जाणारी पायवाट सुमारे १० किलोमीटरची आहे, तीन-चार तास लागतात. इमेरोविग्लीपर्यंत फरसबंदी आहे, पुढे सुटी ज्वालामुखी खडी. उतारावर लोक तिथेच घसरतात. सावली नाही, म्हणून सातला निघा, माणशी दीड लिटर पाणी घ्या आणि परत बसने या.

बोटी जुन्या बंदरात लागत नाहीत, आथिनिओसला लागतात. तिथून फिराला नागमोडी घाट चढून बस जाते. जुन्या बंदरात क्रूझची माणसं उतरतात आणि तिथून वर यायला केबल कार, नाहीतर सहाशेच्या जवळपास पायऱ्या. त्या पायऱ्यांवर गाढवंही नेतात. उन्हात तीच चढ-उतार दिवसभर करणाऱ्या जनावरावर बसू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नाक्सोसला स्कूटर भाड्याने घेतली तर चालेल का? गोव्यात सवय आहेच. (मडगाव)

सवय डाव्या बाजूची आहे, तिथे उजवीकडून चालवायचं. आपल्या लायसन्सबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि त्यात दुचाकीचा वर्ग नोंदलेला हवा. काही दुकानदार परवान्याशिवाय गाडी देतात. अपघात झाला की विमा हात वर करतो, तेव्हा महागात पडतं. चार चाकांची क्वाड बाइक स्थिर वाटते, पण वळणावर उलटते. नाक्सोससाठी लहान मोटार घ्या. घेताना चारही बाजूंचा, टायरचा आणि काचेचा व्हिडिओ काढा, इंधनाचा काटाही त्यात येऊ द्या. भाड्याची गाडी बोटीवर चढवून दुसऱ्या बेटावर नेऊ नका, सहसा तिथे विमा लागू होत नाही.

एका दिवसाचा फेरा असा: सांग्रीजवळचं दिमीतरचं संगमरवरी देऊळ, मग हाल्की (इथे सित्रोन नावाच्या लिंबूवर्गी झाडाच्या पानांपासून कित्रोन मद्य गाळतात), मग आपिरांथोस, जिथे गल्ल्यांनाही संगमरवराची फरशी आहे. पुढे अपोलोनासला प्राचीन खाणीत साडेदहा मीटरहून लांब पुतळा आडवा पडलाय. दाढीची रेषा, खांद्यांचा आकार, सगळं निघालेलं, आणि काम तिथेच थांबलेलं. अंगावर भेगा दिसतात, त्यामुळेच तो सोडून दिला असावा. अपोलोनासचा रस्ता वळणांचा आहे आणि जायलाच तासाहून जास्त लागतो. गाडी लागणाऱ्यांनी आपिरांथोसवरून परतावं आणि मेलानेसजवळच्या फ्लेरिओचा लहान पुतळा बघावा. मुख्य नाक्सोस गावाच्या टोकाला पोर्तारा आहे, अपोलोच्या कधीच पूर्ण न झालेल्या देवळाचा दरवाजा. आसपासचा दगड व्हेनिशियनांनी किल्ल्यासाठी नेला, चौकट जागेवर राहिली. तिथे जाणाऱ्या बांधावर वाऱ्याच्या दिवशी लाटा चढतात, कॅमेरा जपा.

पूर्ण शाकाहारी आहोत. काय खायचं? (जळगाव)

ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले बरेच दिवस मांस, अंडी आणि दूध वर्ज्य करतात, त्या जेवणाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. पण त्यात कालवं, माकूळ चालतं, म्हणून शब्द सांगून थांबू नका, घटक विचारा. ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’ म्हणजे मांस नको, मासा नको. सॅन्टोरिनीची फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट गोळीबंद वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. तिथलीच टोमॅटोची भजी, गिगांतेस (मोठे पांढरे वाल टोमॅटोत), ब्रिआम (भाज्या तेलात भाजून), पालकाचं स्पानाकोपिता आणि होर्ता, म्हणजे उकडलेला रानपाला लिंबू पिळून. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या. त्यात कधी खिमा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. चीजमधलं रेनेट (जनावराच्या पोटातून काढलेलं, दूध फाडणारं द्रव्य) ज्यांना चालत नाही त्यांनी फेटाही टाळावं. जैन मंडळींनी खोलीत शेगडी असलेली जागा घ्यावी, कांद्याविना तयार पदार्थ फार कमी मिळतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाता येईल का? (डोंबिवली)

दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर बेटं जेमतेम सापडतात. समुद्र पोहण्याइतका कोमट, गर्दी ओसरलेली. नोव्हेंबरमध्ये आली तर बेटांचा नाद सोडा. हॉटेलं आणि खानावळी कुलूपबंद असतात, बोटीच्या फेऱ्या घटतात. तेव्हा अथेन्स, डेल्फी आणि नाफ्प्लिओ असा बेत करा. नोव्हेंबर ते मार्च पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सरकारी पुराणस्थळांना प्रवेश मोफत असतो. मुलांच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी मे महिना सर्वांत चांगला, फक्त ऑर्थोडॉक्स ईस्टरचा आठवडा बघून टाळा, तेव्हा अख्खं अथेन्स गावाला निघतं. व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

फक्त चार दिवस आहेत, अथेन्सला राहून एक बेट बघायचंय. (दुबई)

एजिना. ई-८ दारातून साध्या बोटीने सव्वा तास, हायड्रोफॉइलने चाळीस मिनिटं. बंदरावरून बसने आफाइयाच्या देवळात जा, इसवी सनपूर्व ५०० च्या आसपासचं, आणि परतताना तिथला पिस्ता घ्या. हिद्रा जास्त देखणी, तिथे मोटारीच नाहीत, पण बोटीला दीड-दोन तास लागतात. बेट नको असेल तर सुनिओनला पोसायडनचं देऊळ, बसने सुमारे ७० किलोमीटर, सूर्यास्ताला. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच चालकाला विचारून ठेवा.

हॉटेलात पैसे भरलेले असताना वर आणखी मागतात, हे खरं का? नळाचं पाणी प्यावं का? (सांगली)

खरं आहे आणि फसवणूक नाही. हवामान बदलासाठीचं सरकारी शुल्क दर खोलीला, दर रात्री, जागेवरच घेतात. एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित हॉटेलला ५ युरो, चार तारांकितला १०, पंचतारांकितला १५. पावती मिळते. अथेन्समध्ये नळाचं पाणी बेलाशक प्या. सॅन्टोरिनीत ते खारट लागतं, बाटली घ्या. संडासात कागद टाकू नका, बाजूच्या डब्यात टाका. मलवाहिन्या अरुंद आहेत आणि तुंबल्या की दुरुस्तीचं बिल तुमच्या खोलीच्या हिशोबात येऊ शकतं.